पाणकोंबडीचं काय चुकलं?

आज पाणकोंबड्यांबद्दल लिहिणार आहे. ठाऊक आहे, वीकएंडला लोक सिनेमाबद्दल लिहितात, फार तर एखाद्या ट्रेकबद्दल. पण गेले तीन-चार शनिवार-रविवार मी दुसरं काही वाचलेलंच नाही, त्यामुळे आता तुमचीही सुटका नाही :)

इंग्रजीत या घराण्याला 'रेल' म्हणतात. रेल म्हटलं की आम्हा बीडवाल्यांचे कान आधी टवकारतात. बीड शहरात पहिली प्रवासी गाडी यायला सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं, तेव्हा 'रेल फार दुर्मिळ आहे' या वाक्याचं आमच्याकडे कुणाला नवल वाटणार नाही. पण ही ती रेल नव्हे. हिवाळ्यात तळ्यांवर थव्याने तरंगणारा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा वारकरी (पक्षी हां!) याच घराण्यातला. जांभळी पाणकोंबडी याच घराण्यातली. आणि आपल्या सगळ्यांच्या ओळखीची लाजरी पाणकोंबडीही इथलीच. पाठ काळपट, तोंड आणि छाती पांढरी, आखूड शेपटी सारखी खालीवर. माणूस दिसला की उडण्याऐवजी लव्हाळ्यात पळून जाते. पावसाळ्यात मात्र लाज सोडून रात्रभर ओरडते.

मी मूळचा दिंद्रुडचा, तालुका माजलगाव. आमच्या तालुक्यात सिंदफणा नदीवर माजलगावचं धरण आहे, जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी त्यात येतं. म्हणजे येतं तेव्हा येतं. दुष्काळात धरणाचा तळ दिसायला लागतो. पाणी असलं की काठाच्या गवतात पाणकोंबड्या, पाणी आटलं की पाणकोंबड्या गायब. गावाकडं काकांना फोनवर सांगितलं, की सध्या मी एका बेटावरच्या पाणकोंबडीबद्दल वाचतोय.

"आरं, ती लव्हाळ्यात पळती तीच ना? तिला बघायला इतक्या लांब कशाला जायलास?"

"जात नाहीये काका, नुसतं वाचतोय."

"मग ठीकंय. वाचायला काय पैसे लागत नाहीत."

तर काकांच्या परवानगीने पुढे.

हे बेट म्हणजे आल्डाब्रा. सेशेल्स देशाचा भाग, पण सेशेल्सच्या राजधानीपासून हजारभर किलोमीटर लांब. मादागास्करच्या वायव्येला चारशे-सव्वाचारशे किलोमीटरवर. प्रवाळाचं कंकणाकृती बेट, मध्ये मोठं खारं सरोवर, एक लाखाच्या आसपास महाकाय कासवं, आणि त्या कासवांच्या पायांतून लुडबुडत फिरणारी पांढऱ्या गळ्याची पाणकोंबडी. तांबूस तपकिरी अंग, गळ्यावर पांढरा डाग, कोंबडीच्या पिल्लाहून जरा मोठा आकार, आणि उडता येत नाही. हिंद महासागरातल्या बेटांवर शिल्लक राहिलेला हा एकमेव न उडणारा पक्षी मानतात.

आता उडता येत नाही म्हणजे काय? तिचे पूर्वज मादागास्करहून उडतच आले. मादागास्करची पांढऱ्या गळ्याची पाणकोंबडी आजही व्यवस्थित उडते. या घराण्याची गंमत हीच आहे. जवळच्या जवळ उडायला कंटाळा, पाय लोंबकळत ठेवून कसंबसं पलीकडच्या बांधापर्यंत जायचं, पण एकदा वाऱ्यावर चढली की समुद्र ओलांडून भलत्याच बेटावर उतरते. जगातल्या कानाकोपऱ्यातल्या बेटांवर पाणकोंबड्या पोचल्या त्या अशाच. आणि पोचल्यावर बहुतेक ठिकाणी त्यांनी एकच गोष्ट केली, उडणं सोडून दिलं.

हा आळस नाही, हिशोब आहे. उडणाऱ्या बऱ्याच पक्ष्यांत छातीचे स्नायू शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतात. ते वाढवायचे म्हणजे अन्न हवं, आणि नुसते बाळगायचे तरी रोज ऊर्जा हवी. बेटावर कोल्हा नाही, मुंगूस नाही, मांजर नाही. खाणं जमिनीवर. मग ज्या पिल्लाने पंखांवर कमी आणि पायांवर, अंड्यांवर जास्त खर्च केला, त्याची पुढची पिढी जास्त. पाणकोंबडीच्या पिल्लात आधी पाय तयार होतात, पंख बरेच उशिरा. शेवटची पायरी अर्धवट सोडली की झाला न उडणारा पक्षी. आमच्या भाषेत सांगायचं तर जे फीचर कुणी वापरत नाही आणि ज्याचा सर्व्हरचा खर्च सगळ्यात जास्त, ते काढून टाकलं. कुठलाही शहाणा मॅनेजर हेच करेल.

आता खरी गोष्ट. आल्डाब्रावर हे एकदा नाही, दोनदा झालंय.

२०१९ मध्ये ज्युलियन ह्यूम आणि डेव्हिड मार्टिल या दोन संशोधकांनी आल्डाब्राच्या जुन्या हाडांवर एक निबंध प्रसिद्ध केला. साधारण १,३६,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी चढली आणि आल्डाब्रा पूर्ण पाण्याखाली गेलं. कासवांसकट जमिनीवरचं सगळं संपलं. त्याच्या आधीच्या थरात पाणकोंबडीच्या पंखाची हाडं सापडली आहेत, आणि ती न उडणाऱ्या पक्ष्याची आहेत. म्हणजे पुराच्या आधीही इथे एक पाणकोंबडी होती, तिनेही पंख सोडले होते, आणि पाणी चढलं तेव्हा ती बुडाली. पुढे हिमयुग आलं, समुद्र उतरला, बेट पुन्हा वर आलं. मादागास्करहून पुन्हा पाणकोंबड्या उडत आल्या. आणि साधारण एक लाख वर्षांपूर्वीच्या थरात पायाचं एक हाड मिळालं, उडणाऱ्या नातेवाईकांपेक्षा जाड, न उडणाऱ्याकडे झुकलेलं. तेच बेट, तेच माहेर, पुन्हा तोच निकाल.

तेव्हा जगभरच्या बातम्यांत 'नामशेष झालेला पक्षी परत आला' असे मथळे होते. वाचायला छान वाटतं, पण बुडालेली पाणकोंबडी परत आली नाही. परत आली ती तिच्या आईकडची माणसं. मादागास्करला मूळ प्रत शाबूत होती म्हणून दुसऱ्यांदा इन्स्टॉल करता आलं. आणि डाऊनटाइम किती? अठरा-वीस हजार वर्षं तरी धरा. बॅकअप आहे म्हणून निवांत झोपणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पण मला ज्या तुलनेने पछाडलं ती ही नव्हे. दुसरी आहे, आणि ती फार अलीकडची आहे.

आल्डाब्रापासून जेमतेम २७ किलोमीटरवर अझम्पशन नावाचं छोटं बेट आहे. २७ किलोमीटर म्हणजे हडपसरहून हिंजवडीला ऑफिसला जाण्याएवढं. तिथेही पांढऱ्या गळ्याची पाणकोंबडी होती. आल्डाब्रावालीची सख्खी बहीण म्हणा. तीही मादागास्करहून आलेली, तिनेही उडणं बरंचसं सोडलेलं. विल्यम अॅबट नावाच्या अमेरिकन संग्राहकाने १८९० च्या दशकात तिचे नमुने नेले, आणि १८९४ मध्ये रॉबर्ट रिजवे यांनी तिला अॅबटचंच नाव दिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती संपली.

का संपली? अझम्पशनवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर होते. ग्वानो म्हणतात त्याला, शेतीसाठी उत्तम खत. खाणकाम सुरू झालं, माणसं वस्तीला आली, झाडी तोडली, जमीन खरवडली, माणसांबरोबर त्यांचे प्राणी आले. बेट पुरतं बदललं. नुसती पाणकोंबडीच गेली असं नाही. याच बेटावर अॅबटला एक मोठा समुद्रपक्षी मिळाला होता, त्यालाही त्याचंच नाव आहे, अॅबटचा बूबी. तो आज जगात फक्त एकाच ठिकाणी वीण करतो, हिंद महासागराच्या दुसऱ्या टोकाच्या ख्रिसमस बेटावर. त्याला पंख होते, आणि अझम्पशन त्यालाही सोडावं लागलं.

आता या दोन बहिणींची तुलना करून बघा. आई एक. चोच, पाय, स्वभाव एका साच्यातले. पंख दोघींचे कच्चे. एक आज हजारांच्या संख्येने आहे, दुसरी संग्रहालयातल्या खणात. फरक कुठाय? पक्ष्यात शोधलात तर सापडणार नाही. मी बराच शोधला.

आणि कुणी म्हणेल की दोन बेटांत इतर काहीतरी फरक असेल, तर आल्डाब्राच्या आतच तोच प्रयोग पुन्हा झालेला आहे. आल्डाब्रा म्हणजे एका कड्यातली चार मुख्य बेटं आहेत, मध्ये अरुंद खाड्या. पिकार, पॉलिम्नी, मलबार (हो, मलबारच!) आणि ग्रांद तेर. माणसांनी आणलेली मांजरं पिकार आणि ग्रांद तेरवर पोचली, तिथल्या पाणकोंबड्या संपल्या. पॉलिम्नी आणि मलबारवर मांजरं नव्हती, तिथल्या टिकल्या. गंमत म्हणजे उंदीर तर आल्डाब्रावर आहेतच, आणि त्यांच्याबरोबर ही पाणकोंबडी नांदते. भांडखोर आहे, सहज हार मानणारी नाही. मांजरापुढे मात्र तिचं काही चाललं नाही.

याहून स्वच्छ टेस्ट केस आम्हाला ऑफिसात कधी मिळत नाही. कोड एकच, चार सर्व्हर, दोन पडले, दोन चालू. अशा वेळी कोडला दोष देणाऱ्याला आम्ही काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

शेवटचा पुरावा सगळ्यात सुंदर आहे. पिकारवरची मांजरं संपल्यावर १९९९ मध्ये मलबारवरच्या १८ पाणकोंबड्या पकडून पिकारवर नेऊन सोडल्या. फक्त अठरा. त्यांना कुणी ट्रेनिंग दिलं नाही, पंख लावले नाहीत, जनुकं बदलली नाहीत. दहा-बारा वर्षांत पिकारवर त्या हजारांच्या घरात गेल्या. जो पक्षी तिथे 'टिकू शकला नाही', तोच पक्षी, जसाच्या तसा. बदललं होतं फक्त बेट.

आता हे सगळं मी इतकं घोकत का बसलोय ते सांगतो.

आमच्या क्षेत्रात एक स्लाइड असते. तुम्ही पाहिलीच असेल. डावीकडे डोडोचं चित्र, उजवीकडे मोठ्या अक्षरांत 'बदला, नाहीतर संपाल' अशा अर्थाचं काहीतरी. कधी डोडोऐवजी डायनासोर असतो. टाऊनहॉलमध्ये, ट्रेनिंगमध्ये, नवीन टूल आलं की, जुना प्रोजेक्ट बंद होणार असला की, हमखास. माझा इंजिनिअरिंगचा एक बॅचमेट आहे, कंपनीचं नाव घेत नाही. पाच वर्षं त्याला एका जुन्या सिस्टिमच्या सपोर्टवर ठेवलं. रात्रीच्या शिफ्टा, सणासुदीला कॉलवर. दुसऱ्या प्रोजेक्टला जायचं म्हटलं की 'तू इथे क्रिटिकल आहेस' म्हणून रिलीज द्यायचे नाहीत. मग क्लायंटने ती सिस्टिमच बंद केली. महिनाभर बेंचवर बसवलं आणि मग मीटिंगमध्ये सांगितलं की तू स्वतःला अपडेट ठेवलं नाहीस. ही पाणकोंबडी वाचताना मला सारखा तो आठवत होता. पाच वर्षं त्याला पायांनीच पळायला लावलं आणि शेवटी विचारलं, पंख कुठायत?

बरं, त्या स्लाइडवरचा डोडो तरी खरा काय म्हणतो? डोडो मॉरिशसचा. त्याचंही उडणं सुटलेलं, लाखो वर्षं मजेत होता. १५९८ मध्ये डच तिथे उतरले. नंतर डुकरं आली, उंदीर आले, माकडं आली, जंगल तुटलं. डोडो दिसल्याची शेवटची बऱ्यापैकी विश्वासार्ह नोंद १६६२ ची मानतात. साठ-सत्तर वर्षांत खेळ खलास. ज्याला नवीन पंख उगवायला हजारो पिढ्या लागतात त्याला साठ वर्षं देऊन 'बदलला नाही' म्हणायचं, हा कुठला न्याय?

त्याच मॉरिशसवर एक लाल पाणकोंबडीही होती, लांब वाकड्या चोचीची, न उडणारी. जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय की लाल कापड दाखवलं की ती आपणहून जवळ यायची, आणि माणसं तिला हातानेच पकडायची. १७०० च्या आसपास तीही संपली. आपली मराठी माणसं मॉरिशसला पोचली ती त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी. १८३४ पासून गिरमिटिया मजूर जहाजांनी तिकडे जाऊ लागले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. कशाला गेले? ऊस तोडायला. बीडच्या माणसाला हे वाक्य वाचून पुढे सरकता येत नाही.

कारण आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की अर्धी गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरंबाळं, भांडीकुंडी ट्रकमध्ये टाकून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर जायचं, सहा महिने कोपीत राहायचं, उन्हाळ्यात परत. माजलगावच्या धरणातल्या पाणकोंबड्यांसारखंच. पाणी आहे तोवर इथे, नाही तेव्हा उठून जायचं. म्हणजे आमच्या भागात पंख टाकून देणं कुणालाच परवडलेलं नाही. शहरातले लोक म्हणतात, बीडची माणसं किती कष्टाळू, किती ठिकाणी जाऊन राहतात. कौतुक ठीक आहे. पण सतत उडत राहावं लागणं हीही काही चैन नाही. पोरांच्या शाळेचं विचारा एकदा.

आणि आता फडात हार्वेस्टर आलेत. एक यंत्र कित्येक कोयत्यांचं काम करतं. ऊस तोडणं काही कुणी हौस म्हणून जपावं असं काम नाही, ते गेलं तर बरंच. पण टोळीतल्या बाईला आपण काय सांगणार आहोत? तीच स्लाइड? 'बदला, नाहीतर संपाल'? ज्या माणसांनी वर्षातून दोनदा घर उचलून नवीन ठिकाणी मांडलं, त्यांना जुळवून घ्यायला शिकवणारे आपण कोण?

मला म्हणायचंय ते एवढंच. जगली त्या पाणकोंबडीने काही विशेष केलं नाही आणि मेली तिने काही पाप केलं नाही. निकाल ठरला तो बेटावर काय उतरलं आणि कुणी काय उतरू दिलं नाही यावर.

'उतरू दिलं नाही' हे फार महत्त्वाचं, कारण आल्डाब्राचं नशीब आपोआप चांगलं नव्हतं. १८७४ मध्येच डार्विनसह काही शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला तिथली कासवं वाचवण्यासाठी पत्र लिहिलं होतं. १९६० च्या दशकात ब्रिटनने आल्डाब्रावर लष्करी विमानतळ बांधायचं ठरवलं. शास्त्रज्ञांनी मोहीम उघडली, रॉयल सोसायटी मध्ये पडली, संसदेत प्रश्न विचारले गेले. त्यात नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, पैसे नव्हते, आणि योजना बारगळली. १९८२ मध्ये आल्डाब्रा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. थोडी माणसांची खटपट, थोडी रिकामी तिजोरी.

पण ही गोष्ट इथे संपवली तर ती खोटी होईल. हिंद महासागरात लष्करी तळ उभा राहायचा तो राहिलाच, दिएगो गार्सियावर. त्यासाठी १९६८ ते १९७३ या काळात चागोस बेटांवरच्या दीड-दोन हजार लोकांना त्यांच्या घरांतून उठवलं. त्यांतले पुष्कळ मॉरिशसच्या झोपड्यांत जाऊन पडले. पाणकोंबड्यांसाठी लंडनमध्ये आवाज उठला, त्या माणसांसाठी तेव्हा फारसा उठला नाही. आमच्याकडे धरणात गावं गेलेली आहेत, त्यामुळे 'रिकामं बेट' हा शब्द ऐकला की मी दोनदा विचारतो, रिकामं होतं की केलं?

आणि आपणही या गोष्टीत आहोत बरं का. अझम्पशन हे नाव तुम्ही आधी ऐकलं असेल तर पक्ष्यांमुळे नाही, बातम्यांमुळे. भारताला तिथे धावपट्टी, जेट्टी अशा संरक्षण सुविधा उभारायच्या होत्या. २०१५ मध्ये सेशेल्सशी करार झाला, जानेवारी २०१८ मध्ये सुधारित करार झाला. सेशेल्समध्ये लोक रस्त्यावर उतरले. देशाच्या सार्वभौमत्वाचा मुद्दा होता, आणि शेजारच्या आल्डाब्राचाही. जून २०१८ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी करार संसदेपुढे मांडणार नाही म्हणून सांगितलं, आणि विषय थांबला. पुढे २०२४ च्या सुमारास त्याच बेटावर आलिशान रिसॉर्टचं काम निघालं आणि पुन्हा वाद. चिंता तीच, की बोटींतून, सामानातून, मातीतून काय येईल आणि तिथून २७ किलोमीटर पुढे काय जाईल. संरक्षणाची गरज खोटी आहे असं मी म्हणत नाही, चीनच्या बोटी हिंद महासागरात आहेतच. पण त्या नकाशावर आपण ठिपका ठेवला तेव्हा तिथे आधी काय होतं आणि काय गेलं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत होतं? मला नव्हतं.

जाता जाता घरचीच गोष्ट. ग्रेट निकोबार आपलं, भारताचं. २०११ मध्ये तिथल्या जंगलात पाणकोंबडीच्या घराण्यातल्या एका पक्ष्याचा फोटो मिळाला, जो कुठल्याच ज्ञात जातीशी जुळेना. अंदमानात याच गणातली एक पाणकोंबडी आहे, पण ही वेगळी दिसत होती. म्हणजे कदाचित जगाला ठाऊकच नसलेला पक्षी, आपल्याच देशाच्या दक्षिण टोकाच्या बेटावर. त्याला नाव मिळायच्या आत, २०२२ मध्ये, त्या बेटावरच्या बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवं शहर अशा प्रचंड प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्यात साधारण १३० चौरस किलोमीटर जंगल जायचं आहे. तिथे शॉम्पेन आणि निकोबारी माणसंही राहतात. या पाणकोंबडीला उडता येतं की नाही, किती आहेत, कुठे वीण करतात, काही धड माहिती नाही. तिची बहीण आल्डाब्रावाली ठरणार की अझम्पशनवाली, हे तिच्या पंखांवर ठरणार नाही, एवढं मात्र आता आपल्याला माहीत आहे.

माझा तो बॅचमेट सध्या दुसरीकडे लागलाय, नवीन टीममध्ये. तो तसाच आहे, तेवढाच हुशार, तेवढाच तिरसट. त्याच्या नव्या मॅनेजरने पहिल्याच महिन्यात त्याला शिकायला आठवड्यातले चार तास मोकळे ठेवून दिले. चार तासांत त्याने काय काय उचललं ते ऐकून मीच चाट पडलो.

असो. लांबलं बरंच. अल्डाब्रा-अझम्पशनबद्दल कुणाकडे अजून काही चांगलं वाचायला असेल तर जरूर कळवा. आणि तुमच्या गावच्या तळ्यावर पाणकोंबड्यांना काय म्हणतात तेही सांगा, नावं गोळा करतोय.